चार विटा

जुलैचा दुसरा आठवडा लागला की आमच्याकडे कुणी कुणाला ‘बरं हाय का’ म्हणून विचारत नाही. ‘पाणी कितीवर?’ असं विचारतात. भाजीवाली विचारते, एसटीचा कंडक्टर विचारतो, सोयरीक जमवायला आलेले पावणंसुद्धा चहाची बशी तोंडाला लावायच्या आधी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि त्रेचाळीसवर गेलं की धोका, हे माझ्या वर्गातल्या पोरांना बेच्या पाढ्याच्या आधी पाठ असतं. मी गावच्या शाळेत शिक्षिका आहे. पाढे शिकवणं माझं काम आहे, हे आकडे मात्र पोरं घरूनच शिकून येतात.

यंदाही तेच चाललंय. गेले आठ दिवस पाऊस उघडलेला नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत फोन टुंग टुंग वाजू लागतो. राधानगरी धरणाचे दोन दरवाजे उघडले. मग तीन. खाली कुणीतरी हात जोडलेले असतात, कुणी गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हणतं, आणि कुणीतरी मागच्या पुराचा व्हिडिओ आत्ताचा म्हणून पाठवून गावभर घबराट उडवून देतं. दुपारपर्यंत त्याच माणसाचा ‘चुकून गेला’ असा निरोप येतो. तोवर अर्ध्या गावानं धान्याची पोती माळ्यावर चढवलेली असतात. आम्ही हसतो, पण पोती खाली उतरवत नाही.

आमचं घर नदीच्या वळणावर आहे. पुढं पंचगंगा आणि पाठीमागं ओढा, मध्ये पंचवीस-तीस घरांची आमची आळी. शाळा, दूध संस्था आणि बाकीचं गाव ओढ्याच्या पलीकडं, उंचावर. सून म्हणून मी या घरात आले तेव्हा माझ्या आईनं घर बघून एवढंच म्हटलं होतं, ‘पाण्याची सोय चांगली हाय.’ माझं माहेर नेसरीकडचं, तिकडं पाण्यासाठी विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागायच्या. आईला ही श्रीमंतीच वाटली.

अंगणाला नदीच्या बाजूनं एक विटांची भिंत आहे. गिलावा न केलेली, वीट अन् वीट मोजता येते अशी. घर नवं बांधलं तेव्हा गवंडी म्हणाला, ही पाडूया, आडवी येते. आमच्या ह्यांनी पाडू दिली नाही. त्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांच्या रेषा आहेत.

सासऱ्यांना सगळी आळी आण्णा म्हणायची, मीही आण्णाच म्हणायचे. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हुरमुंज ते एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे आणि पूर ओसरला की, भिंतीवरचा गाळ धुऊन टाकायच्या आधी, पाणी चढलेल्या जागेवर बोटभर रुंदीची लाल रेषा ओढायचे. बऱ्याच रेषा होत्या. सगळ्यात वरची दोन हजार पाच सालची. तिच्या खाली बाकीच्या, लहान भावंडांसारख्या. पाच सालची रेषा हाच आमच्या आळीचा कायदा. पाणी चढायला लागलं की त्या रेषेखाली किती विटा कोरड्या उरल्यात ते मोजायचं, आणि त्यावरून कुणी कधी उठायचं ते ठरायचं. मारुतीच्या देवळाची पायरी सहा विटांना बुडायची. कोपऱ्यावरचं पिठाच्या गिरणीचं जोतं तीन विटांना. पाठीमागचा पद्मक्कांचा गोठा दोन विटांना. प्रत्येक घराचा आपला आकडा होता आणि तो घरच्या लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. हे गणित आण्णांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. इतक्या पावसाळ्यांत बघून बघून ते बसलं होतं.

‘नदीलाबी उंची असती माणसागत,’ आण्णा म्हणायचे. ‘वाढायचं वय सरलं, की ती वाढत न्हाय.’

ऐकायला किती छान वाटायचं. मी हे वाक्य एकदा फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं होतं.

पुराचे दिवस म्हटले की मला आधी आठवतो तो वास. नदी घोट्याएवढी असते तेव्हा तिला वास नसतो. घाटाकडून तांबडं पाणी उतरलं की ओल्या मातीचा, कुजलेल्या पाचटाचा, आणि कुठल्यातरी वाहून आलेल्या मेलेल्या जनावराचा असा एक मिसळलेला वास सुटतो. तो आधी येतो, पाणी मागून. मग मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून भिंतीवर चढायला लागतात. उसाचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर राहतात आणि वाऱ्यानं हलतात. इचलकरंजीच्या बाजूनं एरवी रात्रंदिवस येणारी यंत्रमागांची घरघर वीज गेल्यावर बंद पडते, आणि तेव्हा कळतं की आपण इतकी वर्षं ती ऐकत होतो. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट. पूर येणाऱ्या गावात सगळ्यात जास्त टंचाई कशाची असते, तर पाण्याची. हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

पहिल्या पायरीला पाणी लागलं की आळीतल्या बायका ओटी भरायला जायच्या. खण, नारळ, हळद-कुंकू, मूठभर तांदूळ. नदी म्हणजे माहेरवाशीण. ओटी भरली की ती परत सासरी जाते, असं मानायचं. मीही भरायचे. देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवू नये, एवढं मला पटतं. एकोणीस साली तिची ओटी आम्ही दोनदा भरली. दुसऱ्यांदा पद्मक्का म्हणाल्या, ‘इतकी ऱ्हात न्हाई बाई माहेरवाशीण. सासू दारात उभी असंल तिची.’ सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पद्मक्कांचं ते हसणं मला अजून लख्ख आठवतं, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस त्या हसल्याच नाहीत.

पद्मक्का आमच्या पाठीमागं राहतात. जैनांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कंपनीत. त्याच्याकडं चार दिवस राहून आल्या की म्हणायच्या, ‘तिथं दूध पिशवीतनं येतंय गं. पिशवी काय रवंथ करती व्हय?’ त्यांच्याकडं तेव्हा चार म्हशी होत्या. पहाटे चारला उठून शेण काढणं, धारा काढणं, दोन किटल्या सायकलला अडकवून दूध संस्थेत घालणं, सगळं एकटीनं. म्हशींशी त्या सतत बोलायच्या, आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं पुरुषासारखं, ‘येतो, जातो, घालतो’ असं बोलायच्या. ‘थांब गं चंद्रे, आलो.’ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते रोज ऐकू यायचं. चंद्री गाभण होती त्या साली.

त्या पावसाळ्यात आमच्या घरचा फोन दिवसभर वाजायचा. ‘आण्णा हायत का? किती विटा?’ पहिले दोन-तीन दिवस आण्णा स्वतः सांगायचे. मग त्यांचा घसा बसला आणि मी सांगू लागले. भिंतीजवळ जायचं, मोजायचं, आणि फोनवर म्हणायचं, ‘आण्णा म्हणत्यात, सात विटा हायत.’ ‘आण्णा म्हणत्यात, सा.’ मला ते आवडायला लागलं होतं. एवढी वर्षं गावात राहून मी आपली शाळेची बाई होते. आता मोठमोठी बापयमाणसं माझ्या शब्दावर पोती उचलत होती, नाहीतर ठेवत होती. आण्णांना आधी विचारायचं, मग सांगायचं, हे मी केव्हा सोडलं ते मला आठवत नाही. उत्तर तर एकच असायचं. मोजायला काय, मलाही येत होतं.

त्या दिवशी सकाळी आण्णा अंगणातून आत आले. दोन रात्री ते काठीला कंदील अडकवून पाणी बघत बसलेले, डोळे लाल झालेले. मला म्हणाले, ‘सूनबाई, वड्याचा आवाज यायचा बंद झालाय. जरा बगून ये जा.’ आणि वाकळ ओढून आडवे झाले. मिनिटभरात घोरायला लागले.

ओढा पावसाळाभर खळखळत असतो. शाळेत जाताना मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तो गप झाला म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. नदी फुगली की ओढ्याला खाली जायला वाट राहत नाही. तो थबकतो, आणि मग मागं सरकायला लागतो. पाणी समोरून येत नाही, पाठीमागून येतं. आण्णांना ते अर्ध्या झोपेत कळलं होतं. मी ‘जाते’ म्हणाले. चुलीवर भात होता. तेवढ्यात एक फोन आला, मग दुसरा. मग मी भात उतरवला. गेले नाही.

अकराच्या सुमाराला पद्मक्कांचा फोन आला. पाठीमागच्या दारात उभं राहून हाक मारली असती तरी चाललं असतं, पण पावसात ऐकू जात नव्हतं.

‘बाई, दुधाची गाडी आज उशिरा येणार हाय म्हणं, आनी उद्यापास्नं बंद. किटल्या घालून येऊ का आदी म्हसरं काढू? आण्णास्नी इचार की.’

मी पुढच्या खिडकीतून भिंतीकडं बघितलं. मोजलं. बरोबर मोजलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं, आणि सांगून काही उपयोग नाही हेही कळतं. त्यांच्या गोठ्याचा आकडा दोन. भिंतीवर चार कोरड्या होत्या. आण्णा चार हातांवर झोपले होते. हाक मारली असती तर उठले असते.

‘आण्णा म्हणत्यात, अजून चार विटा हायत,’ मी म्हणाले. ‘दूध घालून या निवांत.’

‘निवांत’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातला.

पद्मक्का किटल्या घेऊन मोरी ओलांडून पलीकडं गेल्या. गाडी आणखी उशिरा आली. दीड वाजता त्या परत फिरल्या तेव्हा मोरी दिसत नव्हती. ओढा रस्त्यावरून, बांधावरून, परसातून उलटा आमच्या आळीत शिरला होता. पुढच्या भिंतीवर तेव्हाही तीन विटा कोरड्या होत्या.

आण्णा म्हशींच्या ओरडण्यानं जागे झाले. पाठीमागचं दार उघडून ते तसेच पाण्यात उतरले, हातात कोयता घेऊन. आमचे हे माळ्यावर पोती चढवत होते, ते ओरडत धावले. पाणी छातीला लागलं होतं आणि ओढ होती. म्हशी साखळीनं बांधलेल्या. कोयत्यानं साखळी तुटत नाही, हे आण्णांनाही माहीत होतं. ह्यांनी त्यांना कमरेला धरून मागं ओढलं. पलीकडच्या काठावर पद्मक्का उभ्या होत्या, दोन्ही किटल्या रिकाम्या, डोक्यावर खताचं पोतं घेतलेलं. त्या एकेकीला नावानं हाक मारत होत्या. चंद्रे. मोरे. म्हशी त्यांचा आवाज ओळखून जास्तच ओरडायच्या. चार वाजेपर्यंत हे चाललं. मग पाठीमागं शांत झालं. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते आणि भाताचं भांडं कुठं ठेवू ते मला कळत नव्हतं.

उन्हं असती तर मावळतीला म्हणता आलं असतं, अशा वेळी आम्हालाही बोटीनं बाहेर काढलं. सगळी आळी शाळेत. मीच कुलूप उघडलं, किल्ली माझ्याकडंच असते. चौथीच्या वर्गात सतरंज्या टाकल्या. पद्मक्का फळ्याखाली बसल्या होत्या. आण्णा आत आल्यावर त्या उठल्या. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाल्या, ‘आण्णा, तुमी म्हणाला, चार विटा हायत म्हणून.’

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. ते बघणं फार वेळ टिकलं नसेल, पण त्यात त्यांना सगळं समजलं. ओढा बघायला मी गेले नव्हते, हेही.

‘व्हय,’ आण्णा म्हणाले. ‘मी म्हणालो. चुकलं माझं.’

‘तुमच्या रेगंत माझी चार जितराबं ग्येली,’ पद्मक्का म्हणाल्या, आणि फळ्याकडं तोंड करून बसल्या.

मला तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. लिहायला हे जेवढं सोपं आहे, तेवढंच ते तेव्हाही सोपं होतं.

पुढचे दिवस पूर ओसरल्यावर जसे असतात तसे. वीतभर गाळ. कपाटाची दारं फुगून बसलेली. पोरांच्या वह्या दोरीवर वाळत घातलेल्या, त्यांच्यावरची शाई एकमेकींत उतरलेली. कुठून कुठून आलेले बिस्किटांचे पुडे आणि कुणाच्या तरी लग्नातले जरीचे सदरे. त्या गडबडीत सांगता आलं असतं. गडबड संपल्यावरही सांगता आलं असतं. पद्मक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, उलट जास्तच. ‘तुजा काय दोष गं,’ म्हणायच्या, ‘तू निरोप्या.’ आण्णांशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं. कधी मोठ्यानं, हवेत बघून म्हणायच्या, ‘रेगा वडून दूध निगत न्हाय म्हणावं.’ आण्णा ओसरीवर असायचे. ऐकायचे. सुपारी कातरता कातरता थांबायचे, आणि परत कातरायला लागायचे.

त्या पुराची रेषा त्यांनी ओढलीच नाही. ती भिंतीवर मावलीही नसती, पाणी नंतर भिंतीवरून गेलं. हुरमुंजाचा डबा पाण्यात वाहून गेला की त्यांनी टाकून दिला, मला माहीत नाही. आळीतल्या तरुणांनी मग विजेच्या खांबावर निळ्या रंगात एक पट्टा मारला आणि खाली ‘२०१९’ लिहिलं. सगळ्यांनी नवी जोती त्या पट्ट्यावर एक फूट धरून बांधली. आम्हीही. गवंड्यानं दोरी धरून दाखवलं, ‘आता काय काळजी न्हाय बगा, ह्याच्यावर पानी येतंय होय कदी.’ मी आण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, ‘बांधा बाबा,’ आणि काठी टेकत आत गेले. एका रेषेनं फसवलं म्हणून आम्ही दुसरी ओढली, आणि तिच्यावर घरं उभी केली. सगळी आळी शहाणी, मी शिकलेली, आणि केलं ते हेच.

एकवीस साली पुन्हा पाणी आलं. या वेळी आण्णा सगळ्यांच्या आधी, पहिला इशारा मिळाला त्याच दिवशी, पिशवी घेऊन शाळेत जाऊन बसले. त्यांना कुणी विटा विचारल्या नाहीत. ते नदीकडं पाठ करून व्हरांड्यात बसायचे. दोन वर्ग सोडून पद्मक्का. मी एकाच किटलीतून दोघांना चहा द्यायचे, आधी इकडं, मग तिकडं. तिसऱ्या दिवशी मला ते असह्य झालं. आण्णांच्या पुढ्यात कप ठेवून म्हणाले, ‘आण्णा, मी आत्ता जाऊन आक्कांना सांगते.’

‘गप बस,’ ते म्हणाले. ‘काय सांगतीस? तुला हितं ऱ्हायाचं हाय. तिची नातवंडं उद्या तुज्या वर्गात येतील. माजं काय, मी किती दिस हाय.’

‘पण खोटं…’

‘रेगा कुणी वडल्या? मीच न्हवं. नदी वाढत न्हाय, म्हणून कोन सांगत हुतं? मीच न्हवं.’ मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘च्या ग्वाड झालाय.’

मी कप उचलून परत आले. त्यांनी मला वाचवलं असं लोक म्हणतील, कळलं तर. मला तेव्हा तसंच वाटलं, आणि बरंही वाटलं. आज मला सगळ्यात आधी आठवतं, ते हे बरं वाटणं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर माझं ओझं ठेवून मी वर त्याला साखर जास्त झालेला चहा पाजत होते.

त्याच हिवाळ्यात आण्णा गेले. झोपेत, त्रास न होता. रक्षाविसर्जनाला सगळं गाव आलं. पद्मक्का आल्या नाहीत. पण आण्णा गेल्यापासून रक्षाविसर्जनापर्यंत तिन्ही दिवशी पहाटे आमच्या पायरीवर झाकण लावलेली दुधाची किटली असायची. भेटायला येणाऱ्यांच्या चहासाठी. किटली ओळखीची होती. एव्हाना त्यांनी पुन्हा एक म्हैस घेतली होती, आणि एकच म्हैस म्हटल्यावर ते त्या दिवसाचं बहुतेक सगळं दूध असणार.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी ओढ्याचा आवाज ऐकत असते. स्वयंपाक करताना, वर्गात, अंगावर पांघरूण घेतल्यावर. खळखळ चालू असेल तर झोप लागते. आमचे हे म्हणतात, तुला येड लागलंय. असेल.

आणि आज सकाळी, शाळेला पावसाची सुट्टी असताना, दहाच्या सुमाराला कणीक मळता मळता माझे हात थांबले. काहीतरी कमी झालं होतं. मागांची घरघर होती, पाऊस होता, पन्हाळ गळत होती. मी कणकेच्या हातानं पाठीमागचं दार उघडून, डोक्यावर काही न घेता, चालत मोरीपर्यंत गेले. ओढा भरलेला, काठोकाठ, आणि गप. वर पडलेलं एक पान खाली जात नव्हतं. बघता बघता ते माझ्या बाजूला सरकलं. खांबावरची निळी पट्टी अजून डोक्याच्याही वर होती आणि पुढच्या भिंतीवर आण्णांच्या सगळ्या रेषा कोरड्या होत्या.

मी वळले आणि कमरेला खोचलेला फोन वाजला. पद्मक्का. त्यांच्याकडं आता दोन म्हशी आहेत आणि एक रेडकू. म्हणाल्या, ‘बाई, फोनवर लोक कायबाय पाठवत्यात. कुणाचं खरं धरावं? येक इचारू? आण्णा असतं, तर काय म्हणालं असतं गं आज?’

दोन वर्षं ज्या माणसाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, आणि त्याच्या मागंही नाही, ते आज त्यांनी घेतलं.

‘वडा गप झालाय आक्का,’ मी म्हणाले. ‘म्हसरं सोडा. आत्ताच्या आत्ता. मी शाळा उघडते.’

‘आण्णा असं म्हणालं असतं?’

‘व्हय. त्या दिवशीबी त्येच म्हणालं हुतं.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘वड्याचा आवाज बंद झालाय, बगून ये, म्हणालं हुतं मला. मी ग्येली न्हाई. तुमचा फोन आला तवा ते झोपलं हुतं. मी उठवलं न्हाई त्येस्नी. चार विटा, निवांत जावा, ह्ये मी म्हणाली. आण्णा न्हाई.’

फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की पावसानं गेला, कळलं नाही. मी शाळेकडं पळत सुटले. वाटेत जो भेटेल त्याला ओढ्याकडं बोट दाखवत होते. काही निघाले. काहींनी खांबाच्या पट्टीकडं बघून माझ्याकडं बघितलं.

शाळेचं कुलूप उघडेपर्यंत पद्मक्का आल्या. पुढं दोन म्हशी, मागं रेडकू, चिंब भिजलेल्या. साखळ्या नव्हत्या. एकोणीसच्या पुरापासून पद्मक्का जनावरांना सुती दावं बांधतात आणि गाठ अशी मारतात, की एका झटक्यात सुटावी. व्हरांड्याच्या खांबाला त्यांनी तशीच गाठ मारली. सुटते का ते ओढून बघितलं. सुटली. परत मारली. माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणाले, ‘आक्का, मला काय बोलायचं ते बोला.’

त्यांनी पदर पिळला. आण्णा एकवीस साली बसायचे ती व्हरांड्यातली जागा समोरच होती, तिकडं बघत राहिल्या.

‘तुला काय बोलू,’ त्या म्हणाल्या. ‘तू हाईस हितं. तुला उद्याबी बोलंन. दोन वर्सं त्येंच्या दारावरनं त्वांड फिरवून ग्येलो मी. मेलं तरी ग्येलो न्हाय. आता कुणाला जाऊन सांगू, चुकलं माझं म्हणून?’